जाळीवरचा चतुर

लोकांच्या घरात शिरून त्यांचं पाणी तपासायचं, हे माझं काम. पिंप, हौद, फ्रीजच्या मागचा ट्रे, छपरावर टाकलेला टायर. टॉर्च मारायची, पळी बुडवायची, अळी दिसली की पाणी ओतायला लावायचं, दाराशेजारी खडूनं तारीख टाकायची आणि पुढचं दार गाठायचं. बारा वर्षं झाली. मला बघून लोक दार लावून घेतात, कुत्रं सोडतात, "कालच बघून गेलासा की" म्हणून तोंडावर खोटं बोलतात. मीही ऐकून घेणारी बाई नाही. नाव संयोगिता, पण शिवाजी पेठेत सगळे मला डासवाली बाई म्हणतात. म्हणू देत.

या पेठेत मला तीन वर्षं पुरून उरलेला एकच माणूस, अण्णाप्पा मगदूम. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. वय अडुसष्ट, अंगात बंडी, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. घरामागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली बसून जळालेल्या पंपाच्या मोटारी भरून द्यायचे. आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. बोलणं कमी. पण एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी नाहीच.

त्यांचं नाही होतं विहिरीबद्दल. शेडसमोरच त्यांची दगडी बांधणीची चौकोनी विहीर आहे. पावसाळ्यात पाणी इतकं वर येतं की वाकून कळशी बुडवावी. पहिल्या वर्षी मी पिशवीतून औषधाची बाटली काढली, तर हे उठून सरळ कठड्यावर जाऊन बसले.

"बाई, ह्यात एक थेंब पडायचा न्हाय."

"आण्णा, सरकारी काम आहे. आत अळ्या झाल्या म्हणजे?"

"झाल्या तर दावा की. दावा, आनि मला आत ढकलून द्या."

मी काय कमी नाही. पाच बादल्या उपसल्या आणि पांढऱ्या परातीत ओतून बघितल्या. डासाची अळी औषधालाही नव्हती. एका बादलीत मात्र एक चपटा, मातकट, सहा पायांचा ओंगळ किडा निघाला. मी तो पळीनं उडवणार, तेवढ्यात आण्णांनी परात माझ्या हातातून काढून घेतली.

"चतुराचं पिल्लू हाय ते. डासाच्या अळ्या ह्येच खातंय. ह्याची आई बघायची हाय? त्या चौथ्या दगडावर बघा."

मी बघितलं. दगडच होता. "नीट बघा," म्हणाले. मी डोळे फाडून बघितलं तरी दगडच. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल नुसता हलवला आणि त्या दगडाचा एक तुकडा उडाला. विहिरीवर एक फेरी मारून परत त्याच दगडावर येऊन बसला, पंख भिंतीला चिकटवून, आणि पुन्हा दिसेनासा झाला. अंगावर काळे-राखाडी ठिपके, अगदी आपल्या काळ्या दगडाच्या रंगाचे. रंकाळ्यावरचे लालभडक चतुर मी लहानपणी शेपटीला दोरा बांधून उडवले होते, पण हा कधी बघितला नव्हता. खरं म्हणजे बारा वर्षं मी त्याच्यासमोरूनच जात असणार.

मग आण्णांनी मादी पाण्याला शेपटी टेकवत अंडी कशी घालते ते दाखवलं. पिल्लू पाण्यातून वर चढून भिंतीवर कात टाकतं, ती वाळलेली टरफलंही दाखवली. एवढं बोलताना मी त्यांना त्यानंतर कधी ऐकलं नाही. शेवटी म्हणाले, "तुमचं औषध टाकलं की अळी मरनार आनि तिला खानारंबी मरनार. मग फुडच्या म्हैन्यात तुमी हायसाच बाटली घिऊन." मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं. मी वहीत विहिरीपुढे 'निरंक' लिहिलं आणि निघाले. तीन वर्षं तेच लिहीत राहिले.

विहिरीचं एवढं का, तर त्यांची बायको रत्नव्वा. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणायचो. माहेर चिकोडीकडचं, रागावल्या की कानडीत सुरू व्हायच्या. पेठेजवळच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दिगंबर मुनी महाराज मुक्कामाला आले की अव्वा त्यांच्या आहाराची तयारी करायच्या. त्या आहाराला नळाचं पाणी चालत नाही, विहिरीचंच लागतं आणि तेही जाड दुहेरी फडक्यातून गाळलेलं. गाळून झालं की फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं खंगाळायचं. त्या पाण्याला जीवाणी म्हणतात. फडक्यावर अडकलेले बारीक जीव त्यात असतात. ते जिथल्या पाण्यातले असतील तिथंच परत सोडायचे, दुसऱ्या पाण्यात नाही. तेही वरून भसकन ओतायचं नाही. अव्वांकडे एक छोटी कळशी होती, तिच्या बुडाला कडी. दोरी अशी बांधायची की कळशी पाण्याला टेकली की आपोआप कलंडावी आणि आतल्या जीवाला धक्का लागू नये. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. अव्वांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू डास मारतीस, मी त्याला घरी पोचीवतो. दोघीस्नीबी पोटाला मिळतंय नव्हं?" आणि मला चहा दिला.

या वर्षी जूनमध्ये अव्वांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. विहिरीपर्यंत चालणं बंद, स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी सुरू. ऑगस्टमध्ये आण्णांच्या गल्लीत डेंगी शिरला. दहा दिवसांत चार माणसं आडवी. मी गल्ली पिंजून काढली, कुंड्या पालथ्या घातल्या, दोन टाक्यांना झाकणं बसवली. आण्णांच्या विहिरीत पळी टाकली, निरंक. पाचवा पेशंट लागला तो आण्णांच्या घरात. गुरुवारी अव्वांना दवाखान्यात हलवलं. वय पासष्ट, वर साखरेचा आजार. शनिवारी सकाळी त्यांच्या प्लेटलेट एकोणीस हजारांवर आल्या आणि डॉक्टरांनी आण्णांना सांगितलं, कपडे न्यायला घरी जाताय तर लवकर या.

मी त्या सकाळी गल्लीतच होते. आण्णा घरात शिरले आणि त्यांच्या मागोमाग पाच-सहा माणसं अंगणात आली. पुढं ज्ञानू. शेजारच्या घरातला, तालमीत जाणारा, आवाज हलगीसारखा. त्याची पोरगी त्या चारांमधली एक होती. ती बरी होत होती, पण बापाचा जीव तोंडाशी आलेला. त्याच्या हातात कसल्या तरी औषधाचा कॅन होता.

"आण्णा, बाजूला व्हा. आज ह्या हिरीचा निकाल लावायचा हाय."

आण्णा नेहमीसारखे कठड्यावर जाऊन बसले नाहीत. नुसते उभे राहिले, हातात अव्वांचं लुगडं. मला त्यांची ती उभं राहायची तऱ्हाच बघवेना.

"ज्ञानू, थांब," मी म्हटलं. "हिरीत काही नाही. मी बुधवारी बघितलंय."

"तुमी काय बघता? तीन वर्सं ह्यास्नी सूट दिलीसा. स्वताच्या बायकूला खाल्लं, आता आमच्या पोरी खानार."

बारा वर्षांत मला लोकांनी पुष्कळ काही म्हटलंय, पण हे वर्मी लागलं. मी बादली घेतली. म्हटलं, तुझ्या डोळ्यांसमोर वीस बादल्या काढते. एक अळी सापडली तर तुझा कॅन मी स्वतः ओतते. नाही सापडली तर कॅन घेऊन गुमान घरी जायचं. चारी कोपऱ्यांतून पाणी काढलं, परातीत ओतलं, ज्ञानूच्या नाकाखाली धरलं. पंधराव्या बादलीला मी परातीत दोनदा टॉर्च मारली. खरं सांगते, मलाच भीती वाटत होती. विसाव्या बादलीत चतुराची दोन पिल्लं निघाली, बाकी काही नाही. ज्ञानूनं परात बाजूला सारली, पण गेला नाही.

"मग डास येतोय कुठनं?" त्यानं विचारलं. बरोबरच विचारलं. एवढ्या जवळ जवळ माणसं पडतात म्हणजे पाण्याचा साठा जवळच असणार. हे अंगण सोडून मी सगळी गल्ली बघितली होती. या अंगणात मी तीन वर्षं फक्त विहीर बघत आले होते.

तेवढ्यात मला तो चतुर दिसला. म्हणजे ती, मादी. विहिरीवरून उठून शेडच्या कडेला जाई, तिथं मोटारींच्या जुन्या सांगाड्यांचा ढीग होता. ढिगामागं खाली उतरे, शेपटी टेकवी, वर येई, पुन्हा खाली जाई, पुन्हा टेकवी. चतुराची मादी कोरड्या जमिनीवर शेपटी टेकवत नाही, हे मला आण्णांनीच शिकवलं होतं. तिला तिथं पाणी दिसत होतं.

मी सांगाडे ओढून काढायला लागले. आण्णा मागून म्हणाले, "तिकडं काय न्हाय बाई. ती रत्नव्वाची जीवाणी हाय."

ढिगामागं सावलीत एक दगडी डोणी होती, जनावराला पाणी ठेवतात तसली. काठापर्यंत भरलेली. वर नायलॉनची जाळी, चारी बाजूंनी तांब्याच्या तारेनं घट्ट ओढून बांधलेली. वायंडिंगवाल्याचा हात, एक सुरकुती नाही. ती मादी त्या जाळीवरच शेपटी आपटत होती. मी टॉर्च मारली. पाणी नुसतं वळवळत होतं. शेकडो अळ्या, कोषही झालेले. एक नवा डास माझ्या डोळ्यांसमोर जाळीच्या भोकातून वर आला. पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा.

"आण्णा, हे काय आहे?"

त्यांनी सांगितलं. अव्वा नळाचं पाणीसुद्धा गाळायच्या. पण नळाची जीवाणी परत सोडायची कुठं? नळात तर जात नाही. विहिरीत सोडायची तर ते पाणी वेगळं. अंथरुणावर पडल्या पडल्या अव्वांना त्याचाच घोर लागला होता, जेवण जाईना. तेव्हा आण्णांनी ही डोणी मांडली. नळाचंच पाणी भरलं, रोज सकाळी जाळीचा एक कोपरा सोडवून जीवाणी कडीच्या कळशीतून हलकेच सोडली, उन्हात तापू नये म्हणून सावलीला ठेवली.

"आणि जाळी कशाला?"

"चतुर खातील म्हनून," आण्णा म्हणाले.

त्या जाळीच्या भोकातून चतुर जात नव्हता, डास जात होता. आण्णा वाकले, डोणीत बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. बघता बघता त्यांचा चेहरा असा झाला की ज्ञानूनं हातातला कॅन खाली ठेवला.

"मी पाळलं," ते म्हणाले. "दोन म्हैने मी ह्यास्नी पाळलं."

मला त्यांच्यावर संताप आला आणि त्याहून जास्त माझ्यावर. चार पावलं. विहिरीपासून चार पावलांवर ती डोणी होती आणि मी विहिरीवरून भांडून, जिंकून, हरून, दारावर तारीख टाकून निघून जात होते. माझी मलाच लाज वाटली. मी डोणीला हात घातला. पाणी कोरड्या जमिनीवर ओतायचं, उन्हात दहा मिनिटांत सगळं संपतं. आण्णांनी माझा हात धरला.

"असं नको. मी सोडतो."

"कुठं सोडताय? अव्वा तिकडं मरणाशी झुंजताहेत आणि तुम्ही अजून—"

"हिरीत," ते म्हणाले.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मग मी हळू म्हटलं, "आण्णा, तिथं ह्यातलं एक जगायचं नाही."

"ठावं हाय मला. तुमाला मीच सांगितलतं. पर पान्यात तरी जातील."

ज्ञानू उसळला. विहिरीत अळ्या सोडणार म्हणजे वेड लागलंय काय. त्याचं चुकत नव्हतं. पण मी त्या विहिरीतल्या तीन वर्षांच्या बादल्या बघितल्या होत्या. मी त्याला म्हटलं, कोष आणि उडायला आलेले डास मी गाळून इथंच संपवते, ते माझं काम. बारीक अळ्या तेवढ्या जाऊ देत. उद्या सकाळी एक जरी अळी राहिली, तर तुझा कॅन आणि माझी नोकरी दोन्ही हिरीत टाक. साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी मला घरी बसवलं असतं. मी विचारलं नाही.

मी जाळीची एक बाजू सोडवली आणि कोष निपटून काढले. मग आण्णा डोणीतलं पाणी भरून कडीची कळशी विहिरीत सोडत राहिले. कळशी पाण्याला टेकायची, कलंडायची, हे वर ओढायचे. एकही कळशी त्यांनी घाईनं सोडली नाही. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. शेवटच्या कळशीला मला म्हणाले, "ऊन मारंल, औषध मारंल, न्हायतर हिरीतलं मारंल. पर मारलं मीच, बाई. आनि आदी तिला मारलं." मी म्हटलं, अव्वा बऱ्या होतील. त्यांनी जाळीची उरलेली तार एकेक करून सोडवली आणि नेहमीच्या सवयीनं तिचं नीट भेंडोळं करून ठेवलं.

दुपारी मीच त्यांना माझ्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. अव्वांचे हात काळेनिळे झाले होते, ओठ सुकलेले. शुद्धीत होत्या. आम्हाला बघून पहिला प्रश्न तोच.

"जीवाणी सोडलासा?"

खोटं बोला हो आण्णा, असं मी मनात म्हणत होते. त्यांच्या पायावर पायसुद्धा ठेवला. पण तो माणूस खोटं बोलायला शिकलाच नव्हता.

"डोनीतली समदी हिरीत सोडली. अळ्या झालत्या त्यात. तुला चावला त्यो तितलाच."

अव्वांनी मान सलाईनकडे वळवली. मला वाटलं आता कानडी सुरू होणार.

"जाळी का घातलीसा?"

"चतुर खात्यात. तुज्या जिवाला लागलं असतं."

"अवो, हिरीत काय खात नव्हते व्हय?" त्यांचा आवाज एवढासा झाला होता, पण कडक होता. "चाळीस वर्सं मी सोडत आलो. फुडं त्यास्नी कोन खातंय, हे मला काय ठावं नव्हतं? आपन सोडायचं. फुडचं आपलं नव्हं. राखन कराय कुनी सांगितलतं तुमास्नी?"

आण्णांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं अव्वांनी त्यांचा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, "माज्यासाठनं केलासा. कळतंय मला." मी बाहेर जाऊन उभी राहिले.

रविवारी सकाळी गल्ली जमली. मी वीस बादल्या काढल्या, ज्ञानूनं स्वतः परात धरली. एक अळी नाही. दगडावर ते ठिपक्याठिपक्यांचं जनावर पंख पसरून बसलं होतं, ज्ञानूला दाखवलं तरी त्याला दिसलं नाही. मी दवाखान्यात फोन लावून आण्णांना सांगितलं, हीर निरंक आहे.

"अजून एकदा बघा," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला अव्वा गेल्या. रक्तदाब पडला तो वर आलाच नाही.

अव्वांचे दिवस झाल्यावर मला वाटलं, आण्णा आता दारात उभं करायचे नाहीत. पण त्या बुधवारी ते माझी वाटच बघत बसले होते. चपला घातलेल्या. म्हणाले, आमच्या लोकांच्या घरी तुम्हाला मागच्या अंगाला जाऊ देत नाहीत, मी येतो. तेव्हापासून बुधवारी ते माझ्याबरोबर असतात. एखादी म्हणते, आमच्यात कुठं पाणी साठवलेलं नाही. आण्णा विचारतात, नळाची जीवाणी कुठं ठेवतासा? ती बाई मागच्या दाराकडे बघते. मग ते सांगतात, मी जाळी घातलती, माझी बायको गेली त्यात. एवढंच. पुढं मला तोंड उघडावं लागत नाही, बाई स्वतःच मागचं दार उघडते.

फेरी त्यांच्या अंगणात संपते. डोणी अजून तिथंच आहे, उघडी, विहिरीच्या शेजारी सरकवलेली. नळाचं पाणी आता ते स्वतः गाळतात आणि त्यात सोडतात. नियमानं मी ती पालथी घालायला पाहिजे. काठावर चतुराची वाळलेली टरफलं चिकटलेली असतात. मी पळी बुडवते, परातीत ओतते, टॉर्च मारते.

"हाय का?"

"नाही आण्णा. निरंक."

ते चष्मा पुसतात आणि परातीवर वाकतात. "अजून एकदा बघा," म्हणतात. मी कुणाचं ऐकून न घेणारी बाई, पळी पुन्हा बुडवते.